एकाच दावणीच्या दोन गायी, तेच गोचीड. एकीचाच ताप काहून रेंगाळते?

कोठेवाली (आर्वी तालुका) · १२ ऑगस्ट, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होती, आज लिहायची वेळ आली.

आमच्या कोठ्यात दोन गायी. तांबू जर्सी संकरित, दुसऱ्या वेताची. चांदी गवळाऊ, म्हणजे आपली गावरानी, सासऱ्यांच्या हातची. दोघी एकाच दावणीला, मधात दीड हाताचं अंतर. जूनच्या शेवटी तांबूनं ढेप सोडली, मग हिरवा चाराही सोडला. कान लटकलेले, डोळ्यातून पाणी अन् खांद्याच्या पुढं लिंबाएवढी गाठ. हात लावला की गाठ कातडीखाली सरकत होती अन् गाय अंग चोरत होती. ताप १०६. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, तपासायले पाठवला. गोचीड ताप निघाला. बुपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन झालं. चौथ्या दिवशी पहाटे मी झाडायले गेली तर तांबू रवंथ करत होती. मी तिथंच खाली बसली, इतकं बरं वाटलं.

२८ जुलैला ती व्याली, कालवड झाली. पहिले आठ दिवस नऊ लिटर दूध. नवव्या दिवशी पुन्हा अंग तापलं. डोळ्याची आतली कातडी खाली ओढून पाहिली तर पांढरीफट्ट. आता दूध तीन लिटर, उठताना मागचे पाय लटपटतात.

त्याच गोचिडी चांदीच्या कासेजवळ अन् कानामागं होत्या, मी स्वतः बोटानं वेचल्या. चांदीले एक दिवस ताप नाही.

गावात म्हणतात निगा कमी पडली. दूध घालायले गेली तर एक जण म्हणाला, "ही गाय आतून संपली, पोळ्याच्या आधी बाजार दाखव." मले विकायची नाही. पण औषधानं गेलेला रोग परत येते कुठून? अन् शेजारच्या गायीले तो काहून शिवत नाही? रक्तात काही असते का, का माझीच कुठं चूक झाली? जाणकारांनी सांगा.


आखरावरचा · १२ ऑगस्ट, रात्री १०.३५

ताई, माझे आजे गावचे गायकी, म्हणजे गुराखी होते. आखरावर सकाळी सव्वाशे ढोरं उभी राहत. ते म्हणत, गावरानी वासराले गोचीड लहानपणीच लागू द्या, चार दिवस मलूल राहते अन् मग जन्मभर सोसते. बाहेरून आणलेलं मोठं जनावर असलं की आजे त्याच्यावर वेगळी नजर ठेवत. पहिल्या पावसाळ्यात तेच पडे.

चांदीची कातडी पाहा. माशी बसली की थरथर करून उडवते का नाही? जर्सीले ते तितकं जमत नाही. आज्यांकडून ऐकलेलं सांगतो, त्यामागचं शास्त्र डॉक्टर लोक सांगतील.


पशुवैद्य, निवृत्त (यवतमाळ) · १३ ऑगस्ट, सकाळी ६.२०

ताई, पहिली गोष्ट मनातून काढा, तुमच्या निगेत खोट नाही. ज्या बाईला गाठ कातडीखाली सरकलेली बोटाला कळते, तिची निगा कमी कशी असेल?

आता रोगाचं. गोचीड तापाचा जंतू थायलेरिया अॅन्युलाटा. आपल्याकडे तो हायलोमा जातीचा गोचीड पसरवतो. चावताना लाळेतून जंतू शरीरात जातो आणि आधी पांढऱ्या पेशींत घुसतो, म्हणजे रक्षण करणाऱ्या शिपायांच्याच अंगात. तिथं तो पेशीला असं काही करतो की ती थांबायचं विसरते, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जाते. कर्करोगात पेशी वाढतात तशीच ही वाढ, फरक एवढाच की जंतू मारला की ती थांबते. खांद्यापुढची गाठ सुजते ती यामुळं. नंतर जंतू तांबड्या पेशींत उतरतो, त्या पेशी फुटतात, शरीर त्या वेचून मोडतं आणि डोळ्याची आतली कातडी पांढरी पडते.

बुपार्व्हाक्वोन चांगलं औषध आहे. पण ते सगळेच जंतू संपवत नाही. बऱ्या झालेल्या गायीच्या तांबड्या पेशींत थोडे उरतात, आणि बहुतेक गायी ते उरलेले घेऊनच पुढची वर्षं जगतात. गायीचं शरीर त्यांना दाबून ठेवतं आणि ते थोडे असल्यामुळंच शरीराची ओळख ताजी राहते, पुढचा हल्ला झेपतो. आखरावरच्या आजोबांनी जे सांगितलं ते हेच. आमच्या पुस्तकात त्याला वाहक अवस्था म्हणतात. हा समझोता ढिला झाला की ताप परततो. तो ढिला करणाऱ्या गोष्टी म्हणजे व्यायणं, लांबचा प्रवास, उपासमार, दुसरा एखादा आजार.

पाणथरीचं, म्हणजे रक्त गाळणाऱ्या प्लीहेचं, यात मोठं काम आहे. जुन्या प्रयोगशाळांमध्ये वासरू अशा जंतूंपासून मोकळं आहे का हे पाहायला त्याची पाणथरी काढून टाकत. महिनोन्‌महिने निरोगी दिसणारं वासरू असलं तरी पाणथरी गेली की लपलेले जंतू काही दिवसांत रक्तात उसळत. म्हणजे जंतू होतेच, पाणथरी रोज त्यांना गाळून काढत होती.

गावरानी आणि संकरितमधला फरक हा नुसता समज नाही. २००५ साली स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साहिवाल या वशिंडाच्या आणि होल्स्टीन या विलायती जातीच्या वासरांना एकाच मापाचा थायलेरिया दिला. होल्स्टीनला जीवघेणी ठरलेली मात्रा साहिवाल वासरांनी सोसली. लागण दोघांनाही झाली. पण होल्स्टीनच्या शरीरात धोक्याची घंटा वाजवणारी द्रव्यं फार जोरात उसळली, ताप चढला, आणि त्या उसळीनंच शरीर मोडलं. साहिवालनं ती उसळ आवरती ठेवली. हे आवरणं तिला पिढ्यान्‌पिढ्या गोचिडाच्या मुलुखात राहून रक्तातून मिळालेलं आहे. तुमची गवळाऊ साहिवाल नाही, पण तीही वशिंडाची, याच उन्हातली.

एक विचारतो. तांबू व्याल्यावर कोणी काही इंजेक्शन दिलं होतं का? रिकामी बाटली असेल तर नाव वाचून सांगा. आणि दुसरं, डोळे पांढरे आहेत तर वाट पाहू नका, आज डॉक्टरांना बोलवा.


कोठेवाली · १३ ऑगस्ट, दुपारी १.१०

काकाजी, वाचून रडूच आलं. हो, व्याल्यावर कास दगडासारखी झाली होती. बाहेरगावचे एक जण जनावरं पाहतात, त्यांनी सलग तीन दिवस सुई दिली. बाटली उकिरड्यावर सापडली, धुवून वाचली. डेक्सामेथासोन लिहिलं आहे.

डॉक्टर आज दुपारी येणार आहेत.


पशुवैद्य, निवृत्त (यवतमाळ) · १३ ऑगस्ट, दुपारी २.००

डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड. सूज उतरवतं हे खरं, पण ते शरीराच्या राखणदारांनाही झोपवतं. नुकत्याच गोचीड तापातून उठलेल्या गायीला तीन दिवस ते दिलं तर दबलेला जंतू वर यायला मोकळीक मिळते. त्यामुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, नुसत्या व्यायण्यानंही होऊ शकतं. पण येणाऱ्या डॉक्टरांना बाटली नक्की दाखवा.

आणि दुसरी सुई देण्याआधी पुन्हा काच करायला सांगा. गोचीड एकच रोग आणत नाही. बबेसिया असेल तर लघवी तांबडी होते. अॅनाप्लाझ्मा असेल तर कावीळ दिसते आणि औषध वेगळं, ऑक्सिटेट्रासायक्लिन. काच न पाहता बुपार्व्हाक्वोनवर बुपार्व्हाक्वोन दिलं की पैसा जातो आणि गायही जाते. औषध चालू असताना दूध किती दिवस काढून टाकायचं तेही विचारून घ्या.


काचेवरचा थेंब · १३ ऑगस्ट, रात्री ८.४५

मी माणसांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, पण पशुवैद्यकाच्या लॅबमध्येही दोन वर्षं काढली. डॉक्टर साहेबांनी अॅनाप्लाझ्माचं नाव काढलं म्हणून लिहितो, कारण रेंगाळणारा रोग म्हणजे काय हे मला त्या काचेनं शिकवलं.

जिम्साचा रंग दिल्यावर तांबडी पेशी फिकट गुलाबी दिसते आणि तिच्या अगदी काठावर मोहरीहून बारीक, गर्द जांभळा ठिपका. थायलेरिया पेशीच्या आत अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो, अॅनाप्लाझ्मा काठाला चिकटलेला असतो. एकाच गायीची काच मी दर आठवड्याला पाहत होतो. आधी ठिपके भरपूर, मग कमी, मग शोधूनही सापडेना. गाय बरी झाली म्हणून सगळे खुश. साधारण पाच आठवड्यांनी ठिपके पुन्हा आले, गाय मात्र मजेत चरत होती. पुन्हा गेले, पुन्हा आले.

वरिष्ठांनी कारण सांगितलं. या जंतूच्या अंगावर एक प्रथिन असतं, गायीचं शरीर ते ओळखून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. तोपर्यंत काही जंतूंनी आपल्या साठ्यातल्या जनुकांचे तुकडे जोडून नव्या तऱ्हेचं प्रथिन घातलेलं असतं. शरीर जुना सदरा ओळखतं, जंतू नवा घालून फिरतो. शरीर नवा ओळखेपर्यंत तिसरा शिवून तयार. असं गायीच्या उभ्या आयुष्यभर चालतं. यात गाय अशक्त आहे असं नाही, तिची प्रतिकारशक्ती प्रत्येक फेरीला जिंकते, फक्त जंतूला पुरता गाठत नाही.


पांढरी गाय काळी माती · १३ ऑगस्ट, रात्री ९.३०

एवढं सगळं वाचून एकच कळते, संकरित गायी विदर्भात आणणंच चुकलं. सगळ्या काढून टाका, गवळाऊ, कठाणी ठेवा. ना सुई, ना डॉक्टर.


आखरावरचा · १३ ऑगस्ट, रात्री ९.५५

भाऊ, गवळाऊ मलेही प्यारी आहे, पण ती दिवसाले तीन-चार लिटरच्या वर किती जणांकडं जाते? ताईच्या घरचा किराणा नऊ लिटरवर चालत असेल तर "काढून टाका" म्हणणं सोपं नाही.


पशुवैद्य, निवृत्त (यवतमाळ) · १४ ऑगस्ट, सकाळी ६.०५

दोघांच्या मधलं सांगतो. जातीजातींत फरक आहे हे खरं, पण एकाच जातीतल्या दोन गायींतही फरक असतो. गोचीड कमी धरण्याचा गुण आईबापाकडून बऱ्यापैकी उतरतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९६० च्या दशकापासून साहिवाल आणि फ्रिजियनचा संकर करून, ज्या गायींवर गोचीड कमी आणि दूध बरं त्याच निवडत निवडत वेगळी जात तयार केली, ऑस्ट्रेलियन फ्रिजियन साहिवाल. म्हणजे संकर आणि सोशिकपणा यांचं हाडवैर नाही.

आपल्याला तेवढं जमणार नाही, पण वहीत लिहिणं जमेल. आषाढात एकाच दिवशी प्रत्येक गायीच्या एका बाजूचे फुगलेले गोचीड मोजा. दोन-तीन पावसाळे मोजले की कोणत्या गायीची कालवड ठेवायची ते वहीच सांगेल. गावरानी म्हणून काहीच होत नाही असं मात्र समजू नका. मी गवळाऊचा बैलही या रोगानं गेलेला पाहिला आहे, ऐन पेरणीत.


हिंगणघाट ते बोस्टन · १४ ऑगस्ट, सकाळी ९.१५

धाग्याचं नाव वाचून थबकले. गायीचं लिहिलंय, पण गोष्ट माझ्या गुडघ्याची आहे.

मी मूळची हिंगणघाटची, सध्या बोस्टनजवळ राहते. इथं लाइम नावाचा रोग गोचिडापासून होतो. १९७० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या आयांनी आपल्या मुलांचे गुडघे एकाएकी सुजतात म्हणून तक्रार लावून धरली, तिथून तो ओळखला गेला. जंतू १९८२ साली विली बर्गडॉर्फर यांच्या नावे जगापुढं आला. गोचीडही आपल्याकडचा नव्हे, थंड ओलसर जंगलातला, पिल्लू अवस्थेत खसखशीच्या दाण्याएवढा. मला तो चावलेला कळलाच नाही.

चार वर्षांपूर्वी उजवा गुडघा सुजून नारळासारखा झाला. दुखणं त्या मानानं कमी, पण जिना चढता येईना. रक्ततपासणीत लाइम निघाला. महिनाभर डॉक्सिसायक्लिन घेतलं, सूज राहिली. मग शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन, तरी राहिली. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं तर जंतूचा डीएनए सापडला नाही. म्हणजे जंतू मेलेला आणि गुडघा सुजलेला. त्या काळात एका डॉक्टरांनी मला "कामाचा ताण कमी करा" म्हणून परत पाठवलं होतं. ताई, तुम्हाला निगा कमी पडली म्हणाले ना, तेव्हा मला ती खोली आठवली.

पुढं सांधेतज्ज्ञ भेटल्या, त्यांनी समजावलं. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशी जंतूचे बारीक तुकडे या ताटात मांडून रक्षक पेशींना दाखवते, "हे आलंय बघा." ताटाची घडण प्रत्येकाची वेगळी, आईबापाकडून आलेली. १९९० मध्ये अॅलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचा लाइमचा संधिवात लांबतो त्यांच्यात एचएलए-डीआर४ ही घडण जास्त आढळते. म्हणजे काही ताटांत जंतूचा तुकडा असा बसतो की शरीराचा राग विझतच नाही. २०१२ मध्ये टीएलआर१ या जनुकाच्या एका प्रकाराचंही तसंच नातं दिसलं. हा प्रकार असलेल्यांच्या सांध्यात दाह अधिक भडकतो. आणि २०१९ मध्ये संशोधकांना अशा सुजलेल्या गुडघ्यांच्या पाण्यात जंतूच्या भिंतीचे तुकडे सापडले, जिवंत जंतू नव्हे. घर पडून गेलं पण विटामाती अंगणात तशीच, आणि शरीर त्या विटांशी भांडतंय.

माझा एचएलए कोणी तपासला नाही. उपचार ठरवायला तो लागतही नाही. त्यांनी अँटिबायोटिक थांबवली आणि दाह आवरणारं मेथोट्रेक्सेट सुरू केलं. सात-आठ महिन्यांत गुडघा उतरला. मागच्या दिवाळीत हिंगणघाटला आले तेव्हा आईच्या घराची गच्ची चढले.

एक गोष्ट ठासून सांगते, कारण इंटरनेटवर लोक वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घ्या म्हणतात. उपचारानंतर ज्यांचा थकवा आणि अंगदुखी जात नाही, अशांवर नेदरलँड्समध्ये मोठी चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आला. आणखी बारा आठवडे अँटिबायोटिक घेतलेले लोक आणि खोटी गोळी घेतलेले लोक यांत फरक पडला नाही. त्यांचा त्रास खोटा नव्हता. पण जंतूवरचं औषध वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हता.


सरकारी दवाखान्यातली सिस्टर (गडचिरोली) · १४ ऑगस्ट, दुपारी ३.३०

बोस्टनच्या ताईंची गोष्ट वाचली. आता आपल्या मुलखाकडं वळते, कारण वाचणारे उद्या ताप आला की लाइम लाइम करतील. आपल्याकडं पावसाळ्यात माणसाला ताप आणि अंगावर काळी खपली, चटका दिल्यासारखी, दिसली तर आधी स्क्रब टायफसचा विचार करा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्यानं किती घरं हादरवली ते आपण पाहिलंय. लोक त्यालाही गोचीड ताप म्हणतात, पण तो गोचिडापासून होत नाही. झुडपांतल्या गवतावरच्या माइट नावाच्या किड्याचं पिल्लू चावतं, डोळ्यांना धड दिसतही नाही. खपली काखेत, जांघेत, छातीखाली लपते, म्हणून बायकांनी लाजू नये, दाखवावी. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं तर दोन दिवसांत ताप उतरतो.

रेंगाळण्याबद्दल म्हणाल तर १९५० च्या दशकातच बऱ्या झालेल्या रुग्णांच्या गाठींमधून वर्षानंतरही हा जंतू जिवंत काढला गेला होता. माणसं ठणठणीत, जंतू गाठीत निजलेला. डॉक्टर साहेबांनी गायीचं सांगितलं तसंच.

रक्तातला गुण म्हणजे काय हे आमच्या भागात शिकवावं लागत नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजारानं शिकवलंय. सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असली तर माणूस वाहक, आणि त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं संरक्षण. अँथनी अॅलिसन यांनी हे आफ्रिकेत १९५४ मध्ये दाखवलं. दोन्ही प्रती असल्या तर सिकलसेलचा आजार, आणि वारंवार रक्त अडकून लहानपणीच पाणथरी निकामी. म्हणून पाणथरीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. अमेरिकेत गोचिडापासून माणसांना बबेसिया होतो. धडधाकट माणसाला तो कित्येकदा कळतही नाही, पण ज्यांची पाणथरी नाही त्यांचा महिनोन्‌महिने हटत नाही, उलटून येतो. सिकलसेलच्या पेशंटनी कोणताही ताप अंगावर काढू नये, असं मी रोज घसा फोडून सांगते ते याचसाठी.

आणि कोठेवाली ताई, गोचिडी बोटानं वेचल्या म्हणता. असं करू नका! नखानं चिरडू तर अजिबात नका. हातमोजे घाला, नसतील तर जाड पिशवी हाताला बांधा, काढलेले गोचीड रॉकेलात किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात टाका. काँगो ताप हायलोमा गोचिडापासूनच माणसाला होतो. २०११ मध्ये गुजरातेत तो पहिल्यांदा पक्का निदान झाला तेव्हा पेशंटची सेवा करणारे दवाखान्यातले लोकही गेले. जनावराला त्यात काही होत नाही, दिसायला गाय धडधाकट, म्हणून भीती वाटत नाही.


निसर्गवाट · १४ ऑगस्ट, सायंकाळी ७.००

प्रतिकारशक्ती वाढवणारा रक्तशुद्धीचा काढा आहे माझ्याकडे, जनावर आणि माणूस दोघांनाही चालतो. एकवीस दिवसांत मुळासकट रोग जातो. ज्यांना हवा त्यांनी निरोप करा.


काचेवरचा थेंब · १४ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

भाऊ, वर एवढं लिहून झालं की होल्स्टीन वासरं शरीराच्या उसळीनं गेली आणि ताईंचा गुडघा शरीराच्या रागानं सुजला. तिथं "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणजे नेमकं काय वाढवायचं? कमी पडली तर जंतू उसळतो, जास्त झाली तर शरीर स्वतःला जाळतं. पांढरे डोळे झालेल्या गायीकडं एकवीस दिवस नसतात. कृपया इथं विकू नका.


कोठेवाली · १४ ऑगस्ट, रात्री १०.१५

सिस्टर, पोटात गोळाच आला. उद्याच हातमोजे आणते. सासूबाई तर पायाखाली चिरडतात, त्यांनाही वाचून दाखवलं.

डॉक्टर काल येऊन गेले. बाटली दाखवली, त्यांनी मान हलवली अन् लिहून घेतलं. तांबूची काच घेतली. मी हात जोडून म्हटलं, साहेब चांदीचीही घ्या. ते म्हणाले तिला काय झालंय? म्हटलं काही नाही झालं, म्हणूनच घ्या. हिमोग्लोबिन पाहायले नळीत रक्तही नेलं.


पशुवैद्य, निवृत्त (यवतमाळ) · १५ ऑगस्ट, सकाळी ६.१०

ताई, चांदीची काच घ्यायला लावलीत, मन भरून आलं. अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या दोन शास्त्रज्ञांनी असाच प्रश्न धरला होता, १८९३ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. दक्षिणेतली धष्टपुष्ट गुरं उत्तरेत हाकत नेली की वाटेतली उत्तरेची गुरं पटापट मरत, आणि दक्षिणेच्या गुरांना काहीच होत नसे. गुराखी म्हणत गोचिडामुळं होतं, शिकलेले लोक ऐकत नव्हते. या दोघांनी कुरणं आखून, गोचीड असलेली आणि वेचून काढलेली गुरं वेगवेगळी ठेवून ते सिद्ध केलं. किडा एखादा रोग पसरवतो याचा तो पहिला ठाम पुरावा धरतात. डास आणि मलेरिया त्यानंतर.

निकाल आला की लिहा. तोवर कोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा. हायलोमा कायम गायीवर नसतो, बरेच दिवस भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांदीत दडून असतो. नुसत्या गायीला औषध चोळून तो हटत नाही.


कोठेवाली · पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

मंडळी, उशीर झाला. तान्ह्या पोळ्याची गडबड होती, धाकट्याचा लाकडी बैल रंगवायचा होता.

तांबूच्या काचेत थायलेरिया निघाला, अॅनाप्लाझ्मा नाही. हिमोग्लोबिन ५.८. डॉक्टरांनी बुपार्व्हाक्वोन पुन्हा दिलं, लोहाची इंजेक्शनं चालू आहेत. आठवडाभर मी कुटारात गूळ अन् मिठाचं पाणी कालवून हातानं घास देत होती. आता आपल्या पायानं गव्हाणीपाशी येते. दूध पाच लिटर. डोळ्याची कातडी अजून फिकट आहे, पण कागदासारखी राहिली नाही, आत थोडी गुलाबी रेष दिसते. मी रोज सकाळी बॅटरी लावून तीच पाहते.

चांदीची काचही आली. डॉक्टरांनी मले दुर्बिणीत डोळा लावायले सांगितला. पहिले तर नुसत्या गोल गोल पेशीच दिसल्या. त्यांनी काच सरकवत सरकवत एका जागी थांबवली अन् म्हणाले, आता मधात पाहा. एका पेशीत बारीकशी अंगठी. कितीतरी पेशींत एखादी. चांदीच्या रक्तातही तोच जंतू आहे. किती वर्षांपासून, कोण जाणे. सासऱ्यांच्या वेळेपासूनही असेल.

कोठा रिकामा करून भेगा सिमेंटनं लिंपल्या, वर चुना मारला. काकाजींच्या सांगण्यावरून वही केली आहे, पहिल्या पानावर तांबूच्या डाव्या बाजूले ३४ अन् चांदीच्या डाव्या बाजूले ९ लिहिलं. हातमोजे घालून मोजले, सिस्टर.

आता एक विचारायचं आहे. कालवड सहा आठवड्यांची होत आली. तिचा बाप जर्सीचा सिमेनवाला, आई तांबू. तिले गोचीड तापाची लस द्यायची म्हणतात, द्रवनायट्रोजनमध्ये ठेवून आणावी लागते असं ऐकलं. आमच्या तालुक्यात ती कोणी मागवली आहे का? दहा-बारा वासरं मिळून मागवली तर डॉक्टर तयार आहेत. आर्वी, कारंजा, तळेगावकडचे कोणी असतील तर सांगा, मी नावं लिहून घेते.


आखरावरचा · पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी

तळेगावजवळून बोलतो. माझ्याकडं दोन कालवडी अन् एक गोऱ्हा. तीन लिहा.